गणित घ्यायचं ठरलंय? मग सहाव्या सेमिस्टरपासून मागे मोजत या

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की चार दिवसांत फोन सुरू होतात. कुणी खानापूरहून, कुणी येळ्ळूरहून, कुणी निपाणीहून. प्रश्न ठरलेला, "सर, बीएस्सीला मॅथ्स ठेवू की सोडू, सांगा की." मग वडील फोन हातात घेतात, "कॉलेज कुठलं बरं?" मी दोन्ही प्रश्न बाजूला ठेवतो आणि पोराला विचारतो, तीन वर्षांनी तुला कुठं असायचंय?

सिद्धता लिहिताना आपण हेच करतो. जे सिद्ध करायचंय ती ओळ आधी पानाच्या तळाला लिहायची, तिच्या आधी काय लागेल, त्याच्याही आधी काय लागेल, असं वर सरकत यायचं. डिग्रीचा आराखडा असाच उलटा मांडला तर बरेच घोळ आपोआप टळतात. आमच्याकडची बहुतेक मुलं मात्र सुलट जातात. मैत्रीण जिथं तिथं अर्ज, बस सोयीची ते कॉलेज, उरलेलं कॉम्बिनेशन, म्हणजे तीन विषयांचा गट, आपलं. पाचव्या सेमिस्टरला कळतं की ज्या दारातून जायचं होतं त्याची किल्ली पहिल्याच महिन्यात हातातून गेली.

आधी एक कोडं

कॉलेज, फी, बस यांचा विचार करायच्या आधी अर्धा तास काढा. तीन अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उत्तर दोन अंकी आलं तर पुढे शून्य लावून तीन अंकी करा. कुठूनही निघा, शेवटी ४९५ वर येऊन थांबाल. चार अंकी संख्यांचं असंच ६१७४ होतं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ते दाखवलं म्हणून त्या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

वजाबाक्या करून बघणं ही शाळा झाली. विद्यापीठातलं गणित पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं: *नेहमी* असंच होईल हे कशावरून? नऊशे संख्या तपासत बसायचं नाही. उतरत्या क्रमात अंक अ, ब, क असतील तर मोठी संख्या १००अ + १०ब + क आणि लहान १००क + १०ब + अ. वजाबाकी ९९ × (अ − क). मधला ब कटला! अ − क ची किंमत १ ते ९ यांपैकीच असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच उत्तरं शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. या नऊंचा पुढचा प्रवास हाताने करून बघा. ०९९ चे ८९१ होतात, मग ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. बाकीच्यांची वाट याहून लांब नाही. म्हणजे कुठलीही संख्या जास्तीत जास्त सहा वजाबाक्यांत ४९५ ला पोचते. सिद्धता संपली.

हे वाचताना मधला ब कटला तिथं मनात कुठंतरी बरं वाटलं असेल, तर गणित घ्या. पीयूसीला ९५ मार्क असूनही "मग याचं पुढं काय" एवढंच वाटलं असेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, पण मुख्य विषय म्हणून गणित घेण्याआधी दोन दिवस थांबा. मार्कांवरून हे कळत नाही. पीयूसीच्या पेपरात ठरावीक नमुन्याची गणितं पाठ करून भरपूर मार्क पडतात हे मुलांनाही ठाऊक असतं आणि आम्हालाही.

तळाची ओळ: कुठं जायचंय

हायस्कूलला गणित शिकवायचं असेल तर पुढे बी.एड. आलं. कर्नाटकात हायस्कूल शिक्षकांच्या जागा पीसीएम आणि सीबीझेड (रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) अशा गटांनी निघतात, तेव्हा भौतिक, रसायन, गणित हे जुनंच त्रिकूट इथं कामाला येतं. गणित-स्टॅटिस्टिक्स-कॉम्प्युटर घेतलेल्यांनी मागच्या भरतीची अधिसूचना काढून पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा आणि मगच ठरवावं. मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत शिकवायचं असेल तर त्याच अधिसूचनेतली माध्यमाची अटही वाचा.

एमएस्सी करून कॉलेजात शिकवायचं किंवा संशोधनाकडं वळायचं असेल तर जोडीचे विषय कुठलेही चालतात. फक्त गणित शेवटच्या सेमिस्टरपर्यंत मुख्य विषय म्हणून राहिलं पाहिजे. नोकरीकडं, म्हणजे सॉफ्टवेअर, डेटा, एमसीए असं डोक्यात असेल तर गणित-कॉम्प्युटर सायन्स ही जोडी चांगली, त्यात स्टॅटिस्टिक्स मिळालं तर सोन्याहून पिवळं. एमसीएसाठी बारावीला किंवा पदवीला गणित असावं अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, हेही लक्षात असू द्या.

आणि ज्यांना गणिताचं खरंच वेड आहे त्यांनी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातच बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.मॅथ.ची आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा द्यावी. अर्ज पीयूसीच्या परीक्षेच्या आगेमागेच असतात, निकालाची वाट बघत बसलात तर गाडी गेलेली असते. आपल्या भागातली मुलं या परीक्षा का देत नाहीत याचं उत्तर साधं आहे, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सांख्यिकी संस्थेत बी.मॅथ.ला ट्यूशन फी नाही, हे पालकांना आवर्जून सांगा.

कॉम्बिनेशन: मोठ्या भावाचा सल्ला इथं चालत नाही

घरात कुणी २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात बीएस्सीला लागलं असेल तर त्याचा अभ्यासक्रम वेगळा होता. तेव्हा कर्नाटकात राष्ट्रीय धोरणानुसार चार वर्षांची रचना आली होती. २०२४-२५ पासून राज्यानं ती मोडून पुन्हा तीन वर्षांची, सहा सेमिस्टरची आणि तीन मुख्य विषयांची पदवी आणली. त्यामुळे भावाच्या नोट्स घ्या, पण कुठल्या सेमिस्टरला काय हे त्याला विचारू नका. तुमच्या वर्षाची अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि पहिल्या पानावर कुठल्या शैक्षणिक वर्षापासून लागू ते बघा. हे पान न बघता अख्खं सेमिस्टर जुन्या अभ्यासक्रमावर काढणारी मुलं मी पाहिली आहेत.

कॉलेज कागदावर पाच-सहा कॉम्बिनेशन्स दाखवतं, प्रत्यक्षात पुरेशी मुलं आली नाहीत तर त्यातली काही चालत नाहीत. म्हणून चौकशीला जाल तेव्हा ऑफिसात विचारू नका, थेट गणित विभागात जा. तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षी या कॉम्बिनेशनला किती मुलं होती, पूर्णवेळ शिकवणारे किती आणि पाहुणे किती, आणि गणिताचं प्रॅक्टिकल कॉम्प्युटर लॅबमध्ये होतं की वहीत उतरवून. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा हसला तर काय ते समजून घ्या.

भाषेचंही इथंच विचारून घ्यायचं. बीएस्सीला इंग्रजीबरोबर दुसरी भाषा घ्यावी लागते. मराठीचा पर्याय सगळ्या कॉलेजांत नसतो. मराठी हवी असेल तर अर्ज भरायच्या आधी खात्री करा, प्रवेश झाल्यावर भांडून उपयोग होत नाही.

इकडं की तिकडं

सीमाभागात राहण्याचा एक फायदा आहे, दोन राज्यांची विद्यापीठं एका दिवसाच्या जा-ये अंतरात येतात. बेळगावची कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली. हे विद्यापीठ २०१० साली झालं, त्याआधी आम्ही सगळे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे. विद्यापीठाचा आवार भुतरामनहट्टीला, पुण्याकडं जाणाऱ्या हायवेवर. पलीकडं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, १९६२ चं. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं आणि खानापूरच्याला धारवाडचा विचार करता येतो.

पण हिशेब नुसत्या किलोमीटरचा नाही. पदवीची रचनाच दोन्हीकडं वेगळी आहे. महाराष्ट्रात मेजर-मायनर पद्धत आहे. एक विषय मुख्य, दुसरा दुय्यम, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं ऑनर्सचं वर्ष करता येतं. इकडं तीन विषय बरोबरीनं चालतात. ज्याला पहिल्या दिवसापासून गणितात बुडायचंय त्याला तिकडची रचना जवळची वाटेल. ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याला इकडं तीन पाय टेकून उभं राहता येतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर अठराव्या वर्षी तीन विषय हातात असलेले बरे.

एकदा पहिलं सेमिस्टर सुरू झालं की मात्र मधूनच इकडून तिकडं उडी मारायचा विचार सोडून द्या. दोन्हीकडचे पेपर आणि क्रेडिट जुळत नाहीत, समकक्षतेच्या कागदात सहा महिने जातात. राज्य बदलायचंच असेल तर ते पदवीनंतर, एमएस्सीला.

पैशांचं बोलायचं तर, मुलींना कर्नाटकच्या सरकारी साध्या बसमधून २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत फुकट प्रवास आहे, पण तो राज्याच्या आतला. खानापूर-बेळगाव फुकट, निपाणी-कोल्हापूर नाही. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते तिकडच्या हद्दीत. शिष्यवृत्ती ज्या त्या राज्याची ज्या त्या राज्याच्या नियमानं. कर्नाटकची जात-उत्पन्नाची प्रमाणपत्रं घेऊन महाराष्ट्रातल्या कॉलेजात सवलत मागायला गेलात तर बहुतेकदा खुल्या गटात बसवतात. याउलट महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी तिकडच्या सीईटीच्या प्रवेशांत वेगळा गट असतो. त्याला गाव आणि मातृभाषा यांचे ठरावीक नमुन्यातले दाखले लागतात. विद्यापीठाच्या साध्या बीएस्सी-एमएस्सीला त्यातलं काय लागू होतं हे प्रवेश कक्षात लेखी विचारा. तोंडी "होईल, होईल" म्हणणारे फी भरायच्या दिवशी रजेवर असतात.

कागद: खरा वेळ इथं जातो

गणित अवघड नाही, नाव अवघड आहे. हसू नका.

ज्ञानेश्वर नावाचा मुलगा घ्या. आपण "द्न्य" म्हणतो, म्हणून आधार कार्डवर इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय पासून. शाळेच्या दाखल्यावर कानडी नोंदीवरून ते जे-एन झालेलं. नाडकचेरीतल्या, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातल्या, उत्पन्नाच्या दाखल्यावर जी-एन. एकाच पोराची तीन पोरं झाली! त्यात आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हा घोळ वेगळाच. लक्ष्मी, वैष्णवी, सिद्धेश्वर ही नावंही यातून सुटत नाहीत.

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर जे स्पेलिंग आहे तेच मूळ धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. आधार दुरुस्ती सोपी, ती आधी करा. मग बँक खातं त्या आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन तपासा, कारण शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. त्यानंतर नाडकचेरीत जात-उत्पन्नाचा नवा दाखला. त्यावर जो आरडी नंबर असतो तो राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर टाकावा लागतो. दाखल्याची मुदत संपलेली नाही ना हेही बघा. हा सगळा क्रम एप्रिल-मे महिन्यात, परीक्षा संपल्या संपल्या. जूनमध्ये गेलात तर नाडकचेरीसमोर तालुक्यातली निम्मी मुलं उभी असतात.

प्रवेशाचा अर्ज कर्नाटकात यूयूसीएमएस या राज्याच्या एकत्रित पोर्टलवर भरायचा. तिथं एकदा नोंदणी केली की तोच क्रमांक पुढे परीक्षा फॉर्म आणि निकालापर्यंत पुरतो. म्हणून नोंदणीला स्वतःचा मोबाइल नंबर द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी तिसऱ्या सेमिस्टरला ओटीपीसाठी त्या कॅफेवाल्याला शोधत फिरतं. अर्जात विद्यापीठ, कॉलेज, कोर्स आणि कॉम्बिनेशन निवडलं की प्रिंट काढा, मूळ कागद घेऊन कॉलेजात पडताळणी करा, मग फी. पावतीवर कॉम्बिनेशन नीट छापलंय का ते काउंटर सोडायच्या आधी वाचा. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडीही डिजिलॉकरवरून काढून ठेवा, तो मागतात.

पलीकडं जायचं असेल तर याशिवाय मायग्रेशन सर्टिफिकेट (जुनं बोर्ड किंवा विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि त्या विद्यापीठाचा पात्रतेचा अर्ज. मायग्रेशनचा कागद मागितल्यावर लगेच हातात पडत नाही. माझ्या एमएस्सीच्या वेळी मी तो "पुढच्या आठवड्यात काढू" म्हणून ठेवला आणि शेवटच्या दिवशी धारवाडच्या बसमध्ये घाम पुसत बसलो होतो. चूक शंभर टक्के माझी होती.

पीसीएमबी (पीसीएमबरोबर जीवशास्त्र) घेऊन वैद्यकीयची 'नीट' परीक्षा दिलेल्यांसाठी एक सूचना. वैद्यकीयच्या फेऱ्या संपायची वाट बघत बीएस्सीचा अर्ज लांबवू नका. अर्ज करा, जागा घ्या, आणि नंतर सोडली तर किती फी परत मिळेल ते लेखी विचारून ठेवा. ऑगस्टच्या शेवटी येणाऱ्याला गणिताच्या कॉम्बिनेशनमध्ये उरलेली जागा मिळते आणि बुडालेला दीड महिना मिळतो.

पीयूसीला राज्यात अगदी वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा. मूलभूत विज्ञानाच्या पदवीला, त्यात गणितही आलं, वर्षाला ८० हजार रुपये मिळतात.

सेमिस्टरची साखळी

आता मूळ कामाचं. पेपरांची नावं आणि क्रम विद्यापीठागणिक थोडे पुढेमागे होतात, पण कुठला विषय कुणाच्या खांद्यावर उभा आहे हे सगळीकडं सारखंच. वहीच्या मधल्या जोडपानावर हे उजवीकडून डावीकडं काढा.

अगदी उजवीकडं शेवटच्या वर्षाची लिनिअर अल्जेब्रा. तिच्या मागे बाण काढा तो पहिल्या सेमिस्टरच्या मॅट्रिक्सवर येतो: रँक, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन. पहिल्या वर्षी हे मुलांना नुसती आकडेमोड वाटते, म्हणून सूत्र पाठ करून सोडून देतात. शेवटच्या वर्षी व्हेक्टर स्पेस आणि बेसिस आला की तोच रँक नवा अर्थ घेऊन समोर उभा राहतो आणि जुनी वही रद्दीत गेलेली असते. पहिल्या वर्षाच्या वह्या विकू नका!

कॉम्प्लेक्स ॲनालिसिसच्या मागे दोन बाण. एक आंशिक डेरिव्हेटिव्हकडं, कारण कोशी-रीमान समीकरणं त्यांचीच बनलेली. दुसरा रिअल ॲनालिसिसकडं. लाप्लास आणि फुरिए ट्रान्सफॉर्मच्या मागे इंटिग्रेशन आहे, तेही पीयूसीचं, बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये नापास होणाऱ्या दहापैकी आठ मुलांना डिफरन्शियल इक्वेशन येत असतं, इंटिग्रेशन येत नसतं, असा माझा इतक्या वर्षांचा अंदाज आहे. तेव्हा पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आधी जो रिकामा महिना मिळतो त्यात पुढचं काही वाचू नका, पीयूसीचं इंटिग्रेशन दोनदा करा.

सगळ्यात जास्त मुलं गळतात ती रिअल ॲनालिसिसच्या दारात. तिथं आकडेमोड जवळजवळ संपते आणि "कुठल्याही धन एप्सिलॉनसाठी असा एक एन सापडतो की" अशी वाक्यं सुरू होतात. घाबरायचं कारण नाही, हा एक खेळ आहे. एक भागिले एन ही क्रमिका शून्याकडं जाते, असा तुमचा दावा. समोरचा म्हणतो, मला शून्यापासून ०.०१ च्या आत आणून दाखव. तुम्ही म्हणता, १०० च्या पुढचं कुठलंही पद घे. तो म्हणतो, ०.००१ च्या आत. तुम्ही म्हणता, १००० च्या पुढचं. तो कितीही चिमुकला आकडा देवो, तुमच्याकडं उत्तर तयार आहे, म्हणून शून्य ही त्या क्रमिकेची सीमा. मराठीत लिमिटला सीमाच म्हणतात. कितीही जवळ जावं आणि पोचू नये, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं समजावायला नको.

हा खेळ रोज दोघांनी खेळा. एकानं एप्सिलॉन द्यायचा, दुसऱ्यानं एन शोधायचा. खानापूरच्या पॅसेंजरमध्ये बसून हे करणाऱ्या दोन मुली माझ्या वर्गात होत्या. डबा त्यांच्याकडं बघत बसायचा.

ग्रुप थिअरीला मागचं फारसं काही लागत नाही, म्हणून कच्च्या पायाच्या मुलाला तिथं पुन्हा सुरुवात करायची संधी मिळते. घड्याळाच्या बारा तासांची बेरीज हे उदाहरण धरा आणि प्रत्येक व्याख्या त्यावर तपासा. नंतर चौरसाच्या फिरवण्या-उलटवण्या घ्या, एकूण आठ, आणि तिथं क्रम बदलला की उत्तर बदलतं हे कागदाचा चौरस कापून हातानं बघा. लाग्रांजचा सिद्धांत मग पाठ करावा लागत नाही.

न्यूमरिकल ॲनालिसिस मार्कांचा पेपर आहे, कॅल्क्युलेटर आणि नीट आखलेले तक्ते. त्यावर फार वेळ घालवू नका.

आठवड्याचा हिशेब

एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर, प्रॅक्टिकलला साधारण दोन तासांचं एक. गणिताच्या चार तासांना घरी आठ तास द्यावे लागतात. फिजिक्स-केमिस्ट्रीची जर्नलं वेळ खातात, म्हणून पीसीएमवाल्यांनी गणिताचे तास सकाळी ठेवावेत. संध्याकाळी बसमधून उतरून सिद्धता सुचत नाही.

प्रॅक्टिकलला मॅक्सिमा, सायलॅब किंवा पायथन असतं. तिन्ही फुकट मिळतात आणि जुन्या लॅपटॉपवर चालतात. लॅपटॉप नसेल तर लॅबच्या मोकळ्या वेळेची वेळापत्रकात आधीच नोंद करा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत निश्चयक, श्रेढी, वर्गसमीकरण म्हणत आलेल्या मुलाला पीयूसीत धक्का बसतो, डिग्रीत दुसरा. माझा उपाय जुना आहे. वहीच्या पानाचे तीन उभे रकाने करा. पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी, तिसऱ्यात आपल्या मराठीत तिचा अर्थ, घरी आजीला सांगावा तसा. परीक्षेत दुसरा रकाना लिहायचा, समजायला तिसरा. "फॉर एव्हरी" आणि "देअर एक्झिस्ट्स" या दोन शब्दप्रयोगांना वहीचं पहिलं पान द्या. प्रत्येक गावात विहीर आहे, आणि एक विहीर सगळ्या गावांची आहे, ही दोन वाक्यं वेगळी आहेत हे ज्याला कळलं त्याची अर्धी ॲनालिसिस झाली. इंग्रजी कच्चं म्हणून गणितात मागे पडलेला मुलगा मी क्वचितच पाहिला; ही दोन वाक्यं एकच समजणारे मात्र इंग्रजी माध्यमातूनही भरपूर येतात.

बॅकलॉग राहिला तर

राहतो, त्यात लाज नाही. साखळीचं पान उघडा आणि राहिलेल्या पेपरावर पुढून किती बाण येतात ते मोजा. मॅट्रिक्स किंवा कॅल्क्युलस राहिलं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून ते आधी काढा. ज्यावर पुढून बाण येत नाही तो पेपर एक खेप मागे राहिला तरी चालेल. परीक्षा फॉर्म भरताना राहिलेल्या पेपरची खूण वेगळी करावी लागते, चालू सेमिस्टरच्या गडबडीत मुलं ती विसरतात.

कॉलेजबाहेरच्या तारखा

पहिल्या वर्षापासून डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होणारी माधव गणित स्पर्धा द्या. मार्क शून्य आले तरी चालतील, प्रश्नच वेगळ्या जातीचे असतात. एमटीटीएस हे उन्हाळी गणित शिबिर १९९३ पासून चालतं. हिवाळ्यात अर्ज, उन्हाळ्यात चार आठवडे, आणि निवड झालेल्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च तेच करतात. तिथं शिक्षक उत्तर देत नाहीत, उलट प्रश्न विचारत राहतात. परत आलेली मुलं वर्गात आम्हालाच छळतात, आणि तेच हवं असतं.

स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवरची लेक्चरं फुकट आहेत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. कॉलेजात रिअल ॲनालिसिसला कायम शिक्षक नसेल तर याच आधारावर वर्ष काढता येतं.

आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तुमच्या पाचव्या सेमिस्टरला, आणि परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. अभ्यासक्रम रिअल ॲनालिसिस, अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन, लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप. यातली लिनिअर अल्जेब्रा कॉलेजात सहाव्या सेमिस्टरला शिकवत असतील तर फेब्रुवारीपर्यंत ती शिकवून झालेली नसणार. म्हणून जॅम देणाऱ्यानं दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ती स्वतः करायची, पहिल्या सेमिस्टरची मॅट्रिक्सची वही शेजारी ठेवून.

जॅमबरोबरच भुतरामनहट्टी, धारवाड, कोल्हापूर आणि गोवा या चारही विद्यापीठांच्या एमएस्सीच्या जाहिराती बघत राहा. पदवीला गणित मुख्य विषय ही अट सगळीकडं, तारखा मात्र चारही वेगळ्या, आणि कुणाची शेवटची तारीख तुमच्या सहाव्या सेमिस्टरच्या निकालाआधीच येते. अशा वेळी पाच सेमिस्टरची मार्क्स कार्डं जोडून अर्ज करता येतो का ते विचारा. बहुतेक ठिकाणी येतो, फक्त निकाल लागल्यावर ठरावीक दिवसांत शेवटचं कार्ड आणि मायग्रेशन नेऊन द्यावं लागतं. आणि अर्जावर नाव लिहिताना एसएसएलसीचं मार्क्स कार्ड पुन्हा एकदा काढून समोर ठेवा.